जिन्यातली रजा

आमच्या सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात एक ओळ लिहायची राहून गेली आहे. ओळ मोठी नाही. सदर सदस्यांनी सभेस येऊ शकत नसल्याचे सेक्रेटरींना आधी कळवले होते, एवढीच. ती मीच लिहायला हवी होती, कारण सेक्रेटरी मी आहे आणि कळवलं होतं तेही मलाच. ज्या काकांना ती ओळ हवी होती, त्यांना तिच्या जोरावर कमिटीतली खुर्ची परत मिळवायची नव्हती. त्यांना ती घरी नेऊन काकूंना दाखवायची होती. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही माझ्या हातून काही झालं नाही.

काका आमच्याच बी विंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. माझ्याआधी अकरा वर्षं तेच सेक्रेटरी होते. गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी सभेत माझं नाव सुचवलं आणि मी नाही म्हणायच्या आत कुणीतरी अनुमोदन देऊन टाकलं. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. शिकवणाऱ्या माणसाचं अक्षर चांगलं असतं, असा सगळ्यांचा समज होता. काका साधे सदस्य म्हणून कमिटीत राहिले आणि पाण्याची चावी मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवली.

प्रोसिडिंग लिहायला त्यांनीच मला शिकवलं. पहिल्या सभेनंतर मी चार पानं भरून आणली होती, कोण काय म्हणालं ते सगळं. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि वही मिटली. "सर, बोललेलं लिहायचं नाही. ठरलेलं लिहायचं. माणूस रागात काहीही बोलतो, ते कागदावर आलं की कायमचं होऊन बसतं." पानाच्या खाली कोरी जागा सोडायची नाही, तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कुणी काही घुसडू शकत नाही. आणि जिन्यात कुणी काही सांगितलं तर ते सांगितलं असं धरायचं नाही, अर्ज मागायचा. हा शेवटचा नियम त्यांनी मलाही लावला होता. माझ्या बाथरूमच्या छताला ओल आली तेव्हा मी जिन्यात त्यांना थांबवलं होतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "छान. आता वर जा आणि हेच लिहून आणा."

मी लिहिलेलं ते लाल पेनानं तपासायचे. तेही सभा सुरू व्हायच्या आधी, सगळे खुर्च्यांवर येऊन बसत असताना. एखाद्या शब्दाभोवती गोल करून वही माझ्याकडे सरकवायचे. कुणीतरी म्हणायचं, सरांना आज किती मार्क पडले? सगळे हसायचे, मीही हसायचो. ते मला लागत होतं हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे जे घडलं त्याचं कारण म्हणून मी हे सांगत नाही. पण तो लाल पेन माझ्या मनात होता, हे लपवून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी ए विंगमधले एक गृहस्थ अध्यक्ष झाले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. शेती पिशोर गावाकडं, इथे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आवाज मोठा, हातही सढळ. शेतात अद्रक निघालं की प्रत्येक दारावर पिशवी येते, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडी काढायला पहिले तेच. भाऊंबद्दल वाईट लिहावं असं माझ्याकडे फारसं नाही. म्हणूनही हे सांगणं अवघड जातं.

आमच्याकडे संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येतं त्या दिवशी सोसायटीत दुसरं काही सुचत नाही. बी विंगचा हौद जरा उंचावर आहे. काका नळाला जोर असेपर्यंत आधी बी विंगचा व्हॉल्व्ह उघडायचे, मग ए विंगचा. भाऊंचं म्हणणं पडलं की आलटूनपालटून करा, दर वेळी आमची विंगच मागं का? काका म्हणाले, उतारावरचा हौद आधी उघडला तर वर थेंब चढणार नाही, हे पूर्वीच ठरलेलं आहे, पान दाखवतो. आणि त्यांनी खरंच जुनं बुक काढून पान दाखवलं. भाऊंनी पानाकडं पाहिलंही नाही.

"काका, ही तुमची कचेरी नाय," ते म्हणाले. "इथं सगळ्यांचं पाणी हाय."

काकांनी बुक मिटलं. "कचेरी असती तर तुम्ही एवढ्या आत आला नसता, भाऊ. बाहेर बाकड्यावर बसला असता."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण त्या दिवशी हसं माझं झालेलं नव्हतं. भाऊ हसले नाहीत. त्यांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं. व्हॉल्व्हचा क्रम होता तोच राहिला. काकांनी शिकवल्याप्रमाणे मी बोललेलं लिहिलं नाही, ठरलेलं लिहिलं.

त्यानंतर भाऊंनी सभेचा वार बदलला. आधी आम्ही रविवारी सकाळी बसायचो. रविवारी मला शेतावर जावं लागतं, मंगळवारी संध्याकाळी सहाला ठेवा, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. कारण खरं होतं, रविवारी ते गावी जातातच. पण काकूंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. काका दुपारी साडेतीनला त्यांना रिक्षानं क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात नेतात आणि परत यायला आठ वाजून जातात. हे मला माहीत होतं. भाऊंना माहीत होतं की नाही, ते मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. मी त्यांना म्हणू शकलो असतो की भाऊ, मंगळवार नको, बुधवार करू. मी बरं म्हटलं आणि नोटीस लिहायला घेतली.

पहिल्या मंगळवारी मी शाळेतून येत होतो आणि काका काकूंना घेऊन उतरत होते. एका हातात काकूंचा दंड, दुसऱ्या हातात घोंगडी आणि डब्याची पिशवी. खाली रिक्षावाला हाका मारत होता, "चाचा, जल्दी करो, आगे जाम है." काका माझ्यापाशी थांबले.

"सर, आज माझी रजा धरा. आणि सभा मंगळवारच्याच राहणार असतील तर पुढच्याही. अर्ज लिहायला आज हात मोकळा नाही."

"काळजी करू नका काका, मी सांगतो," मी म्हणालो. काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या तेव्हाच फार थकलेल्या दिसत होत्या.

संध्याकाळी हजेरी घेताना भाऊंनी विचारलं, काका? मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "गैरहजर लिवा. चला पुढं." मी लिहिलं. सभा संपल्यावर सांगू असं ठरवलं. सभा संपल्यावर गच्चीवरच्या गळतीवरून दोघांची जुंपली आणि माझं राहून गेलं. पुढच्या महिन्याच्या सभेत पुन्हा तेच झालं. या वेळी मी तोंडही उघडलं नाही, कारण आता सांगितलं तर गेल्या वेळी का नाही सांगितलं, असा प्रश्न येणार होता. कुठेतरी असंही वाटलं की काकांनीच अर्ज द्यायला हवा होता. जिन्यात सांगितलेलं धरायचं नाही, हा नियम काय माझा होता? हा विचार मला तेव्हा सोयीचा वाटला. आता आठवला की कान तापतात.

तिसऱ्या सभेत भाऊंनी उपविधीचं पुस्तक काढलं. पानाचा कोपरा आधीच दुमडलेला होता. लागोपाठ तीन सभांना परवानगीशिवाय गैरहजर राहणाऱ्याचं कमिटीतलं सदस्यत्व जातं, ते कलम त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. मग माझ्याकडे बघितलं. "सर, काकांचा काही अर्ज-बिर्ज आलाय का?"

अर्ज आला नव्हता. मी म्हणालो, अर्ज नाही. माझं वाक्य खरं होतं.

काकांचं कमिटीतलं सदस्यत्व गेल्याचं पत्र माझ्या अक्षरात आहे. ते काकांच्या हातात द्यायचं धाडस मला झालं नाही. शुक्रवारी दोघं दवाखान्यात गेल्यावर मी ते त्यांच्या दाराखालून आत सरकवलं.

पंधरा दिवसांनी वार्षिक सभा झाली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, साठेक माणसं. काका पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांनी भाषण केलं नाही, भाऊंना एक शब्द बोलले नाहीत. ऐनवेळच्या विषयात ते उठले आणि माझ्याकडे वळले.

"सेक्रेटरी, मी तुम्हाला जिन्यात रजा सांगितली होती का नव्हती? एवढंच सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊ माझ्या शेजारी बसले होते, ते बघत नव्हते. हातातल्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते. मला एकच अक्षर उच्चारायचं होतं. हो म्हटलं असतं तर मी तीनदा खोटं लिहिलं हे साठ माणसांसमोर, त्यांतल्या कित्येकांची मुलं माझ्या शाळेत आहेत, त्यांच्यासमोर उघडं पडलं असतं.

"आठवत नाही, काका," मी म्हणालो.

ते क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि बसले. मागून कुणीतरी म्हणालं, वय झालंय आता, सोडा ना. ते त्यांनी ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मी खाली गेलो तेव्हा काका व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी उभे होते. त्यांनी लोखंडी चावी माझ्याकडे दिली. आधी वरचा, पूर्ण उघडायचा, पाऊण तासानं खालचा, बंद करताना शेवटचा आटा जोरानं नको, वायसर जातं. हे सगळं मला नीट समजावून सांगितलं, एखाद्या बदलीवर निघालेल्या माणसानं चार्ज द्यावा तसं. मी म्हणालो, काका, चावी तुमच्याकडेच राहू द्या, कमिटीचा आणि हिचा काय संबंध? ते म्हणाले, संबंध आहे, चावी कमिटीची आहे.

मग खड्ड्यातल्या पाण्याकडं बघत ते बोलले. "खुर्चीचं मला काही नाही, सर. पण हिनं डोक्यात घेतलंय, माझ्या मशीनपायी तुमचं गेलं. मी म्हणतो, अगं मी सांगून गेलो होतो. ती म्हणते, कागद दाखवा. चाळीस वर्षं माझ्या घरात काढलीत ना, तीही तसलीच झालीय. आता दर मंगळवारी म्हणते, आज नको जायला, राहू द्या." ते थोडं हसले. "एक ओळ असती तर बरं झालं असतं. तेवढंच."

मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले. ती म्हणाली, तुम्ही जाऊन खरं काय ते सांगा, मला आता काकूंसमोरून जाता येणार नाही. मी आधी बुक काढलं. मनात आलं ते लिहायला लाज वाटते. त्या पहिल्या मंगळवारच्या पानावर खाली ती ओळ बसवता येते का, ते मी पाहिलं. जागा चांगली चार बोटं होती. तिच्यावरून तिरकी रेघ गेलेली होती, पट्टी लावून मारलेली. माझीच.

मग भाऊंकडे गेलो. त्यांनी आग्रहानं चहा पाजला. मी सांगितलं, काकांनी मला सांगितलं होतं, मी विसरलो नव्हतो. भाऊंनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील. ते अगदी हळू आवाजात बोलले.

"सर, माझा बाप तसल्या बाकड्यावर बसलाय. तीन दिवस. भाकरी बांधून न्यायचा आन् तशीच परत आणायचा, आतून बोलावलं तर तोंडात घास नको म्हणून. मी संगं होतो. काका त्या कचेरीत नव्हते, मला म्हाईत हाय. पर ते बोलले ना, तवा मला लई लागलं."

मी म्हणालो, भाऊ, काकूंसाठी तेवढी दुरुस्ती करू.

"करा की. मी नाय म्हणत नाय. पर तुम्ही आता आठवलं म्हणाला, तर त्या दिवशी सभेत खोटं बोलला असं व्हतं. ते तुमचं तुम्ही बघा." जाताना त्यांनी अद्रकाची पिशवी हातात दिली. मी ती घेतली.

पुढच्या सभेच्या अजेंड्यावर मी पहिला विषय लिहिला, मागील इतिवृत्तातील दुरुस्ती. मंगळवारी सहा वाजता आम्ही सहाजण बसलो. मी उभा राहून सांगितलं की रजा मला तोंडी कळवली होती, नोंदवली नाही ही चूक माझी, आणि मीच सूचक म्हणून दुरुस्ती मांडतो. भाऊंनी नियमाप्रमाणे विचारलं, अनुमोदक? कुणी मोबाइल बघत होतं, कुणी पंख्याकडं. एकानं मला समजावलं की सर, मंजूर झालेलं प्रोसिडिंग उकरलं की मग सगळंच उकरावं लागेल, जाऊ द्या. भाऊंनी पुन्हा विचारलं, अनुमोदक? ते थांबले, खरंच थांबले, घाई केली नाही. कुणाचा हात वर आला नाही. अनुमोदन नाही म्हणजे ठराव नाही, आणि ठराव नाही म्हणजे लिहायला काही नाही. त्या सभेच्या प्रोसिडिंगात माझा कबुलीजबाबही नाही. त्यात गळतीचा विषय आहे आणि पार्किंगच्या पट्ट्यांचा.

मी राजीनामा लिहिला. भाऊंनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, मग लिवणार कोण? तो अजून त्यांच्या खिशात असावा.

शेवटी एका बुधवारी सकाळी मी शाळेच्या रेघी कागदावर सगळं लिहिलं. कुठल्या सभेला, कुठे सांगितलं, मी काय उत्तर दिलं, वार्षिक सभेत काय बोललो. खाली सही केली आणि काकांकडे गेलो. काकू खिडकीजवळच्या दिवाणावर बसल्या होत्या, डाव्या हाताला पट्टी. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्या जरा बऱ्या असतात. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून काकांनी कागद वाचून दाखवला. वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत, एकाच चालीत, कचेरीत वाचतात तसा. 'आठवत नाही असे खोटे सांगितले' हे वाक्यही त्याच चालीत वाचलं. एका शब्दापाशी त्यांचं बोट थांबलं, तिथं माझी काहीतरी चूक असणार. ते पुढं गेले.

काकूंनी मला विचारलं, "म्हणजे यांनी सांगितलं होतं?"

"हो काकू. तुमच्यासमोरच."

"मला तेव्हा कुठलं भान असायचं." त्यांनी काकांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "मग हे त्या वहीत का नाही?"

मी सांगितलं की मी मांडलं होतं, अनुमोदक मिळाला नाही. त्यांनी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता काका तरी बोलतील, एवढ्या दिवसांचं बोलतील. काकांनी कागदाची घडी सरळ केली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "अनुमोदक नसला तर घेता येत नाही."

"म्हणजे वहीचंही बरोबर," काकू म्हणाल्या. "आणि या सरांनी जिन्यात उभं राहून ओल सांगितली तरी तुम्हाला अर्ज लागायचा, तेही बरोबर. मग माझी मशीनच तेवढी चूक ना हो."

काका उठून चहा करायला आत गेले. आतून अद्रक ठेचल्याचा आवाज येत होता. मी बोलायचा प्रयत्न केला, काकू, चूक माझी आहे, तुमची कशी असेल? त्या म्हणाल्या, हो हो, तुम्ही लिहिलंय ना, ऐकलं मी. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी झालं असतं.

काकांनी चहा आणला. दोन कप भरलेले, एक अर्ध्याहून कमी. काकूंना दिवसाचं पाणी मोजून असतं, चहासुद्धा त्यातच धरतात. काकांनी तो कप त्यांच्या हातात दिला, माझा कागद दवाखान्याच्या फाइलमध्ये मागच्या बाजूला लावला आणि फाइल जागेवर ठेवली. काकूंनी दोन घोट घेतले आणि खिडकीतून खाली बघत काकांना विचारलं, शुक्रवारी गेलंच पाहिजे का?